अंजिरी यकृत

सारंगखेडा, ता. ११ जानेवारी १९६०

रा. रा. बन्सीलालभाऊ यांस रूपचंदचा सप्रेम नमस्कार. पुण्यात थंडी कशी आहे? गुडघा जिना चढू देतो का? इकडे केळी झकास, तुमची बहीण सुगंधाबाई ठणठणीत आणि मी तिच्या ताब्यात.

कावीळ उतरली, पण यकृतासाठी वैद्यांनी कुटकीचा काढा लावला (इतका कडू, की वाटी धुतलेलं पाणी म्हैससुद्धा पिईना). अशात दोंडाईच्याच्या मोटारीत इटलीचे एक पाद्री शेजारी बसले. मोडक्या मराठीत म्हणाले, त्यांच्याकडे यकृताला फेगातो म्हणतात आणि तो शब्द लॅटिनमधल्या अंजिरावरून आला. जुने रोमन लोक बदकांना अंजीर चारून त्यांचं यकृत फुगवत आणि चवीनं खात. त्याचं नाव अंजिरी यकृत. पुढे बोलण्यातून यकृत गळलं, अंजिरी तेवढं राहिलं, आणि माणसाच्या यकृतालाही तेच नाव पडलं. स्पेनचं इगादो, फ्रान्सचं फ्वा, सगळे त्याच घरचे. मला नवल वाटलं नाही. आपणही नुसतं भरीत म्हणतो, वांग्याचं नाव कोण घेतं?

घरी सांगताना मी बदकं वगळली. एवढंच म्हणालो, की अर्ध्या युरोपात यकृताला अंजिराचं नाव आहे, ते उगाच असेल का? सुगंधाबाईनं काढा मोरीत ओतला. मी जिंकलो असं एक दिवस वाटलं. दुसऱ्या दिवसापासून वाहिदशेठच्या दुकानातले सुके अंजीर, भिजवून, सकाळी अकरा, संध्याकाळी अकरा, आणि ती समोर बसून. पोटानं असहकार पुकारला (शेताची वाट आता डोळे मिटून येते). वर तेल बंद. काल मळ्यात भरताची पार्टी झाली. सगळे वांग्याच्या भरतावर ताव मारत होते आणि मी कडेला अंजीर चघळत होतो. भाऊ, डोळ्यांत पाणी आलं. परवा पाद्रीबाबा घरी चहाला येऊन गेले म्हणे, तेव्हाही मी नेमका त्या वाटेवर!

तरी खरं सांगतो, चाळीस वर्षांच्या संसारात ती इतका वेळ माझ्यासमोर कधी बसली नव्हती. बरं वाटतं.

तुमचा,
रूपचंद

ता. क. खरं काम हे. ती ऐकते फक्त तुमचं. ‘अंजीर आता पुरे, असं पुण्याचे मोठे डॉक्टर म्हणतात’ असं कार्ड तिला टाका. बदकांचं बोलू नका, नाहीतर काढा परत येईल.

ता. क. २. तिनं पत्र वाचून दाखवायला लावलं. बदकांपाशी येताच मी खोकलो. म्हणाली, “खोकू नका. पाद्रीबाबानी माले परवाच सांगं. बदकं तरी गुमान खाई लेत, तुम्ही तं पत्र लिखी ऱ्हायनात!” मग तिनं भरताची वाटी पुढे सरकवली. कालचंच, माझ्यासाठी झाकून ठेवलेलं. शेजारी काढ्याची वाटी. दोन्ही संपवल्या. कार्ड टाकू नका.