भावाची लेक

मानवत,
१४ ऑक्टोबर २०२५

चि. वैशीस ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. कापसाची वेचणी जोरात आहे. बाया मिळत नाहीत म्हणून आत्या स्वतः रानात जाते आणि संध्याकाळी येऊन माझ्यावर करवादते. सासू झाली तरी आत्या ती आत्याच. दादांचा खोकला कसा आहे? फोनवर विचारलं असतं, पण दादा स्पीकर लावतात आणि चारठाण्याची निम्मी गल्ली ऐकते. म्हणून पत्र. हसू नकोस.

मला चौथा महिना सरत आला. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना गर्दीत बोलायला फुरसत नसते, म्हणून त्यांनी मोबाइलवर एक चॅटबॉट दिलाय. बाळाच्या तपासण्या कशासाठी, त्यातून काय कळतं, काय कळत नाही, सगळं मराठीत समजावतो. लिहून विचारा, नाहीतर बोलून. आत्या त्याला मशीनबाई म्हणते. तिनं पहिल्याच दिवशी मुलगा की मुलगी ते विचारलं. मशीनबाई म्हणाली, ते सांगायला कायद्यानं बंदी आहे. "लय शिस्तीची हाय," आत्या म्हणाली, आणि दोघींचं जमलं.

मशीनबाईनं मला सुरुवातीलाच विचारलं होतं, नवऱ्याशी रक्ताचं नातं आहे का? मी बिनधास्त 'नाही' लिहिलं. तूही तेच लिहिलं असतंस. रक्ताची ती भावकी. आत्याचं घर म्हणजे सोयरे.

मग एकदा मी रक्त द्यायला घाबरले, तर आत्यानं फोन ओढून घेतला आणि बटण दाबून म्हणाली, "हे बघ बाई, ही माज्या सख्ख्या भावाची लेक हाय. हिला उगं भिववू नको."

मशीनबाईनं विचारलं, "म्हणजे अपेक्षा आणि तिचे पती आते-मामे भावंडं आहेत का?"

'भावंडं' ऐकून आत्या खवळली, "भावंडं कशाची? नवरा-बायको हायत." हे रक्ताचंच नातं आहे, मशीनबाई म्हणाली. एकाच आजी-आजोबांकडून आलेला दोष दोघांत लपलेला असू शकतो, तेव्हा डॉक्टरांना सांगा आणि दोघांचं रक्त तपासून घ्या.

तपासलं. थॅलेसेमिया म्हणतात त्याला. आमच्या दोघांच्याही रक्तात आहे. आम्हाला त्याचा त्रास नाही, पण दोघांकडून बाळात उतरला तर लेकराला जन्मभर दुसऱ्याचं रक्त भरत राहावं लागतं. चारात एकदा तसं होतं म्हणे. बाळात तो आहे का हे बघायला पुढच्या आठवड्यात पोटातल्या पाण्याची तपासणी आहे. मला भीती वाटते, वैशी. हे मला हसवायला बघतात आणि स्वतः धड जेवत नाहीत.

आत्यानं परवा मशीनबाईला विचारलं, "मीच हट्टानं भावाची लेक आणली. माजंच चुकलं का?" यात कुणाचाच दोष नाही, ती म्हणाली. आत्यानं फोन माझ्या हातात दिला. "मशीन हाय ती. मन राखायला बोलायलीय," म्हणाली आणि शेळीला पाणी दाखवायला गेली.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तुळशीच्या लग्नानंतर तुझा साखरपुडा, माझ्याच दिराशी. आदिनाथनं आपणहून रक्त दिलं होतं. काल निकाल आला. त्याच्यातही आहे. मला म्हणाला, "वैनी, वैशीला फोन लावायलोय अन् कट करायलोय. माज्यानं सांगणं होईना. तुमीच लिवा."

तुझं रक्त साफ निघालं तर हा आजार तुमच्या लेकरांना होणार नाही. नाही निघालं तर काय करायचं ते तू ठरव. लग्न कर, नाहीतर मोड, तुला कुणी बोलणार नाही. दादांना, आपल्या भावाला, आत्या स्वतः येऊन सांगणार आहे. पण आधी जिंतूरला जाऊन रक्त दे. आणि तिथं कुणी विचारलं, होणाऱ्या नवऱ्याशी रक्ताचं नातं आहे का, तर माझ्यासारखं करू नकोस. हो म्हण.

मला या घरात तू हवी आहेस. फार हवी आहेस. तरीही हे सगळं लिहिलं.

तुझी,
जाऊ होवो न होवो, रक्ताची,
ताई