आधी मले विचार

लकडगंज, नागपूर
दि. ७ डिसेंबर २०२५

ती. जितूदादास,

मिनलचा शिरसाष्टांग नमस्कार. शिर वाकलं तेवढं वाकवलं. बाकीची अष्टांगं आपल्याच्यानं होत नाहीत, तुले माहीतच आहे.

इकडं सगळं ठीक. थंडी बरीच पडून राहिली. आईचा गुडघा सकाळी कुरकुर करते, उन्हात बसली का गप्प होते. काटोलच्या मामानं संत्र्याचं पोतं धाडलं, अर्धी आंबट निघाली. आई म्हणते, मामाचा स्वभाव फळात उतरला. सोनिकावहिनीले नमस्कार सांगजो. त्यांची पाठ दुखून राहिली होती, कमी झाली का?

तू म्हणशील, व्हॉट्सॲप सोडून ही कागद काहून पाठवून राहिली. सांगते. फोनवर मी बोलली का तू दोन वाक्यांनंतर ‘हो हो, बरं बरं’ करतो अन् म्हणतो, ‘आईले दे.’ मग आई माझं तुले सांगते, तुझं मले सांगते, अन् मधात तिच्या मनाचं किती मिसळते ते तिलेच ठाऊक. या कागदात मधात कोणी नाही. एका बोटानं टाइप करून राहिली, म्हणून वेळ लागला. वेळ लागला म्हणजे राग उतरला असन, असं समजू नको.

नोकरी बरी चालू आहे. कंपनी तिकडं विमानतळाजवळ, मिहानमध्ये, अन् मी आपली घरूनच. कुणाचा फ्रिज बंद पडते, कुणाचं पार्सल हरवते, लोक चॅटवर येऊन तोंडसुख घेतात अन् मी ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ लिहिते. परवा सोलापूरचे कोणी गृहस्थ आधी खूप भडकले, अन् शेवटी लिहिलं, ‘मॅडम, इतक्या दिवसांत तुम्हीच एक समजदार बाई भेटल्या.’ एकटीच हसली मी. एरवी तुलेही सांगितलं असतं.

आई मात्र माझ्याशी धड बोलत नाही. जेवू घालते, वेणी घालते, पण नजर भिंतीवर. तिले फोनवर त्याबद्दल काही विचारू नको.

बरं, येते मुद्द्यावर. किती दिवस संत्री सांगत बसू?

मागच्या आठवड्यात कलेक्टर ऑफिसातून शोभाताई नावाच्या बाई घरी आल्या. चौकशीले. कायची चौकशी? तर जितेंद्र चंपतराव काळबांडे यांनी बहिणीचं पालकत्व मिळावं म्हणून तिथल्या समितीकडं अर्ज केला आहे. बहिणीले सेरेब्रल पाल्सी, स्वतःचं हित समजायले ती असमर्थ, म्हणून घराच्या विक्रीत तिच्या वाट्याची सही तिच्या वतीनं भावाले करू द्यावी. हे मी परक्या बाईच्या तोंडून ऐकलं, दादा. आपल्याच बैठकीत, बाबांच्या फोटोखाली बसून.

त्यांनी आईले विचारलं, ‘हिला व्यवहार समजतो का?’ आई चहाच्या कपाकडं पाहून राहिली होती. तिनं काय उत्तर दिलं ते राहू दे.

तुझं म्हणणं मले समजते, हे आधी लिहून टाकते. बाबा गेले, आई थकली, तू पुण्यात, तुझा जीव रोज टांगणीले. घर विकलं तर तुले मोठा फ्लॅट घेता येते, त्यात आम्हा दोघींची खोली. घर घेणाऱ्या बिल्डरचा वकील म्हणाला असन, ‘बहिणीची सही म्हणजे कटकट, उद्या कोणीही म्हणन तिले समजलंच नव्हतं. गार्जियनचा कागद करून टाका, सोपं पडते.’ तू वाईट नाही. लहानपणापासून तू सोपं तेवढं पाहतो, बस.

पण तुझ्या त्या सोप्यात माझं घर जाऊन राहिलं ना गा! बाबांनी वखारीतल्या फळ्या आणून माझ्या चाकाच्या खुर्चीसाठी उतरण केली, एकेक दार रुंद केलं, संडासात माझ्या हाताले येईल अशी दांडी बसवली. या घरात मी खुर्चीचं बटण दाबते अन् कोणाले न विचारता बाहेर पडते. कोपऱ्यावरचा पोहेवाला मले पाहून पोह्यावर तिखट तर्री जास्त टाकते अन् विचारते, ‘काय ताई, आज उशीर?’ एवढंच माझं हिंडणं, पण ते माझं आहे. तुझ्या अकराव्या मजल्यावर बाथरूमचं दार माझ्या खुर्चीपेक्षा अरुंद आहे. दिवाळीत आली होती तेव्हा तू मले उचलून न्यायचा. तुले सारखं उचलावं लागू नये म्हणून मी तिथं होती तोवर पाणीच कमी प्यायली. घरी आल्यावर ताप आला तो त्याचाच. तुले वाटलं प्रवासाचा.

आपल्या चुलत वैभवीताईचं आठव. मोठे बाबा गेल्यावर भावानं तिले माहेरी बोलावलं, साडी नेसवली, पुरणपोळी खाऊ घातली, अन् हात धुतल्यावर हक्कसोडचा कागद समोर ठेवला. तिनंही मुकाट सही केली, वाट्यावर पाणी सोडलं. आपल्याकडं बहिणी करतातच ते. तेव्हा मीच तणतणली होती, साडीत गुंडाळून लुटलं पोरीले! तू हसला होता. आता वाटते, वैभवीताई नशीबवान. तिले विचारलं तरी. तिच्या तोंडून हो निघावं म्हणून कोणी पुरण शिजवलं. ती नाही म्हणाली तर काय, अशी धाकधूक तर होती तिच्या भावाले. माझ्या नाहीची तुले धाकधूकही नाही. तू मले बहीण म्हणून लुटायच्या लायकीचीसुद्धा समजला नाही.

 

कायदा वाचला मी. दिव्यांगांच्या हक्काचा, अन् तू ज्याखाली अर्ज केला तोही. कोणी वकील लावला नाही, स्वतः वाचला. त्यात लिहिलं आहे, अपंग माणूस कायद्यापुढं बाकीच्यांसारखाच माणूस. त्याची मालमत्ता त्याची. मदत लागली तर त्यानं घ्यावी, पण मदत करणाऱ्यानं त्याच्यावर दाब टाकू नये, अन् ज्या व्यवहारात मदत करणाऱ्याचा स्वतःचा स्वार्थ आडवा येते, त्यातून त्यानं बाजूले व्हावं. वाचता वाचता रडू आलं. ज्यांनी मले कधी पाहिलं नाही, त्या दिल्लीतल्या लोकांनी मले पुरी माणूस धरली, अन् माझ्याच ताटातलं खाल्लेल्या भावानं धरली नाही.

आता आईचं. लिहिणार नव्हती, पण मग हे पत्र खोटं होते.

आई म्हणाली, ‘नाही जी, तिले काही समजत नाही.’

मी समोरच होती. मले फक्त ‘समजते’ एवढं म्हणायचं होतं. पण राग आला का माझा जबडा अडकते, हात उडते. कप खाली पडला, लाळ गळली, तोंडातून नुसता आवाज निघाला. शोभाताई घाबरल्या, ‘राहू द्या, राहू द्या, शांत व्हा’ म्हणून माझ्या पाठीवरून हात फिरवायले लागल्या. म्हणजे आई खोटं बोलली अन् मी ते खरं करून दाखवलं. इतकी लाज मले आयुष्यात कधी वाटली नाही. आईनं पदरानं माझं तोंड पुसलं. 

त्या दिवशी मी जेवली नाही. आई ताट घेऊन बसून राहिली अन् मग एकदम बोलली, ‘मी मेल्यावर तुले कोण उचलन वं? जितूच ना? त्याच्याशी वाकडं घेऊन तू कुठं जाशील?’ दादा, ती तुझ्यासाठी खोटं बोलली असती तर मी तिच्याशी भांडली असती. ती माझ्यासाठी बोलली. तिच्याशी काय भांडू?

पण गप्पही बसता येईना. दुसऱ्या दिवशी शोभाताईंना मेसेज केला. ‘मी मिनल. काल कप माझ्या हातून पडला. मला सगळं समजतं. मला भावाचं पालकत्व नको. मला टाइप करून बोलायला वेळ द्याल का?’ बराच वेळ काहीच आलं नाही, मी फोनकडं पाहून पाहून थकली. मग उत्तर आलं, ‘सोमवारी पंधरा तारखेला समिती बसणार आहे. तुम्ही स्वतः या. लॅपटॉप आणा. वेळ लागला तरी थांबू.’ समितीत एक सदस्य स्वतः दिव्यांग असतात, हेही त्यांनी कळवलं.

मी जाणार आहे. तुझ्या विरोधात. घे, लिहिलं एकदाचं.

आईले सांगितलं तेव्हापासून ती भिंतीशी बोलते.

तिचं भय खोटं नाही. कायदा माझ्या बाजूनं उभा राहील, पण मले कूस बदलून द्यायले तो येणार नाही. आई किती दिवस पुरणार? मग बाई ठेवावी लागन, पगारातून भागन का, ती टिकन का, सगळा विचार करून झाला. अजूनही पुरतं उत्तर सापडलं नाही. मले भीती वाटते, दादा. हरायची एवढी नाही वाटत. मी जिंकली, अन् मग तू या घरी कधी आलाच नाही, त्याची वाटते.

तुलेही बोलावणं येईलच. तिथं टेबलामागून अनोळखी लोक मले विचारतील, ‘मिनल, तुमची काय इच्छा आहे?’ हा प्रश्न या घराबद्दल पहिल्यांदा परक्याच्या तोंडून ऐकायचा नाही मले. तू एक दिवस आधी ये. आईले आत पाठव, समोर खुर्ची ओढून बस, माझं बोलणं समजलं नाही तर परत विचार, तिसऱ्यांदा विचार, पण ‘हो हो’ करू नको. अन् मग घराचं विचार.

मी नाही म्हणीन, हे आत्ताच सांगून ठेवते. तरी विचार.

तुझ्या प्रश्नाची वाट पाहणारी,
तुझी बहीण
मिनल