तुमचा शब्द सांगा

४ नोव्हेंबर १९७४
मानोऱ्याहून सकाळच्या एसटीने वाशीमला पोचले आणि थेट पदमचंद शेठजींच्या पेढीवर रुजू झाले. कापसाची मोठी अडत आहे. दुकान, जिनिंगचा कारखाना आणि गोदामं जोडणारा टेलिफोनचा बोर्ड आता मीही सांभाळणार! बोर्डावर आधीपासून भागिरथाबाई आहेत. त्यांनी चहा पाजला, कानाला यंत्र कसं लावायचं ते दाखवलं. मॅट्रिक होऊन घरी बसलेली मी, आज भलत्या ऐटीत होते.

७ नोव्हेंबर
इथली रीत गमतीची आहे. गेल्या साली कुणीतरी शेठजींचा आवाज काढून गोदामाला फोन केला आणि कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक पळवला. तेव्हापासून पेढी शहाणी झाली. प्रत्येकाला एक खूणशब्द दिलाय. गाठी हलवायचा निरोप असला की बोर्डावरून आधी शब्द विचारायचा, बरोबर आला तरच फोन जोडायचा. सगळे शब्द भागिरथाबाईंना तोंडपाठ. मला त्यांनी एकही सांगितला नाही. मोठा फोन आला की मी बाजूला सरायचं.

१५ नोव्हेंबर
जो तो म्हणतो, "भागिरथाबाईले द्या." मी काय मुकी आहे? शेठजी त्यांच्या आवाजाचं कौतुक करतात. गोदामातला गोविंदा तर म्हणाला की तो आवाज ऐकला की पुढचं काही विचारावंसंच वाटत नाही. माझा जळफळाट होतो, लपवून काय करू? खोलीवर आरशासमोर त्यांच्यासारखं बोलून पाहिलं. हुबेहूब जमलं.

२१ नोव्हेंबर
भागिरथाबाई जेवायला गेल्या, तेव्हा त्यांच्या आवाजात गोविंदाला फोन लावला. म्हटलं, सगळ्यांचे शब्द पुन्हा तपासून राह्यली, तुमचा सांगा. 'पिवळी जवारी,' म्हणाला बिचारा! मग जिनिंगवाल्यानेही सांगितला. शब्द विचारणाऱ्या बाईला शब्द कोण विचारणार? दिवसभर हसू आवरेना.

२८ नोव्हेंबर
पुन्हा ट्रक गेला. मी नाही. मी फक्त शब्द काढून घेतले होते, ते कुणाला दिले नाहीत. पण गोदामावर सगळे एकच सांगतात, निरोप भागिरथाबाईंच्या आवाजात आला. त्या रडल्या, कुणी ऐकलं नाही, शेठजींनी त्यांना काढलं. मग सगळ्यांना बसवून म्हणाले, आपण धडा घेतला. यापुढे बोर्डावरच्या बाईलाही शब्द, आणि एकदा वापरला की तो बाद. नवा शब्द शेठजी स्वतः देणार. माझा 'करडई'. माझ्या नकलेचं कुणाला कळू दिलं नाही. खुर्ची माझी झाली, आनंद का नाही होणार?

२ डिसेंबर
गोविंदाने फोनवर विचारलं, भागिरथाबाई परत आल्या का? मी विमल, म्हटलं. तो हसला, चांगली नक्कल करता म्हणाला.
नक्कल करत नव्हते मी. पाणी प्यायले, खोलीवर ओरडून पाहिलं — त्यांचाच आवाज. गोड.

५ डिसेंबर
दादा मानोऱ्याहून भेटायला आला. दाराआडून मी हाक मारली, तर म्हणाला, "बाई, आमची विमल कुठी हाये?"
समोर गेले. तोंडाकडे बघत राहिला. डबा ठेवला आणि — थांबला नाही.

९ डिसेंबर
दुपारी फोन. माझा आवाज. माझा, जरा चिरका, मानोऱ्याचा —
"मी विमल बोलून राह्यली. शेठजीले द्या."
रीतीप्रमाणे शब्द विचारला. करडई, म्हणाली. बरोबर. मी जोडला. न जोडून काय —
यंत्र कानालाच होतं. ती सांगत होती, बोर्डावर भागिरथाबाई चोरून येऊन बसल्यात. शेठजी शाबास म्हणाले. तिला नवा शब्द दिला. हळूच. मला ऐकू नाही —
जिन्यावर पावलं. शेठजी आहेत, गोविंदा आहे. मी विमलच आहे, सांगेन. ते तोंड बघणार नाहीत, शब्द विचारतील. माझ्याकडे फक्त जुना —
दार उघडलं. विचारतायत. मी म्हणतेय, करड