हाक कुणाच्या कानावर गेली

११ सप्टें., हसनाबाद
वहिनी आज माहेरी, वडीगोद्रीला गेली. धाकट्या भावाचा साखरपुडा. मिरचीच्या बीजोत्पादनाचे ऐन दिवस. शेडनेट सोडून जाणे तिला पटत नव्हते. "ठिबकचा व्हॉल्व्ह कोन बंद करंल?" मी म्हणाले, माझा प्रोग्रॅम. वीज जाऊन बॅटरी उतरू लागली की बॅटरीची पेटी त्याला सिग्नल देते, तो व्हॉल्व्ह बंद करतो. तपासलेले आहे.
"मंग तुह्या भरोशावर जाते बरं, इंजिनिअरबाई."

१२ सप्टें.
दुपारी वीज गेली. व्हॉल्व्ह उघडाच राहिला. उंचावरची टाकी सगळी वाफ्यांत रिकामी झाली. दादा राजूरला गेलेला, आई गच्चीवर, मी घरातच, पुस्तकात. प्रोग्रॅम आहे, म्हणून कुणी फिरकलेच नाही.

१५ सप्टें.
फुले गळत आहेत. वहिनीने एकेक कळी चिमट्याने उघडून पराग लावला होता. परतल्यापासून ती चिखलात उभी राहून फक्त बघते. दादा तिलाच म्हणाला, "तुला जायची काय जल्दी होती?" मी मध्ये बोलले: चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे. तो म्हणाला, "मशीनला काय बोलायचं? घरात मानूस पाह्यजे." आवाज आणखी चढवायला हवा होता. मला ते कधी जमलेच नाही.

१८ सप्टें.
चूक सापडली. तपासले तेव्हा व्हॉल्व्हचे काम एकटेच होते. नंतर मी थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये शेजारी-शेजारी चालणारी कामे, वाढवले: एक ओलावा मोजणारा, एक नोंदी ठेवणारा, व्हॉल्व्हचा थ्रेड पाणी द्यायची पाळी संपेपर्यंत झोपणार, सिग्नल आला की जागा होणार. हा माझा समज. सिग्नल मात्र संपूर्ण प्रोग्रॅमच्या नावे येतो. ज्या थ्रेडनी सिग्नल अडवलेला नाही, कान झाकलेले नाहीत, त्यांपैकी कुणाही एकाला ऑपरेटिंग सिस्टीम तो देते. मिळाला ओलावा मोजणाऱ्याला. त्याने 'बंद करणे' अशी खूण मांडली आणि पुन्हा मोजू लागला. झोपलेल्याला कुणी उठवलेच नाही.
पुस्तकातले हे पान मी वाचले होते. समजले असे धरून उलटले होते. वर्गात कायम पहिली येणारीची खोड.

२२ सप्टें.
दुरुस्ती केली. थ्रेड निर्माण करण्यापूर्वीच कान झाकायचे, म्हणजे पुढच्या प्रत्येकाला ते तसेच मिळतात. मग एकच थ्रेड राखायचा. त्याला दुसरे काम नाही. सिग्नलची वाट पाहायची, आला की व्हॉल्व्ह बंद.
वहिनीला समजावून सांगितले. ती मेलेली रोपे उपटत होती.
"म्हंजे बाकीच्यांनी कानात बोळे घालायचे आन् एकीनं हाकंची वाट बघत बसायचं? म्हाईत हाय मला ते काम. फक्त मला 'दुसरं काम न्हाई' असं कोनी म्हनत न्हाई."
ती हसली. मला हसता आले नाही.

भाऊबीजेचा आदला दिवस
पुन्हा पुन्हा वीज तोडून पाहिले. सगळे थ्रेड चालू ठेवून. व्हॉल्व्ह दर वेळी बंद झाला. वहिनीला म्हणाले, उद्या जा, मी आहे. "तुह्या दादाला इचार." विचारले. या वेळी नजर न चुकवता. तो म्हणाला, "बघू."
वहिनीची पिशवी भरून खुंटीला आहे.
संध्याकाळी ओसरीवरून आईची हाक: "कोन हाय आत? पाव्हण्यांला पानी आना." मी पुस्तक मिटले, उठले. वहिनीच्या हातात तांब्या आधीच होता.