सा ज्याचा त्याचा

तीर्थरूप बाबांना नमस्कार,

मी खुशाल आहे, वेळेवर जेवते. फक्त डोकं तापलंय, म्हणून अक्षर सांभाळून घ्या.

कारखान्यातल्या आम्ही शिवणवाल्या तिघी नवशिक्यांच्या गाण्याच्या वर्गाला जातो. तिथले मास्तर पेटीची एकच पट्टी दाबतात आणि म्हणतात, "हा सा. सगळ्यांनी इथूनच लावायचा." माझ्या शेजारच्या बाईंचा आवाज जाड, त्यांना पंचम गाठवेना. ताणून ताणून बिचारीच्या मानेच्या शिरा फुगल्या, तर मास्तर म्हणतात, "तुमच्या गळ्यात गाणंच नाही!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "मास्तर, सा ज्याचा त्याचा असतो. आवाज जिथे सुखाने बसेल तिथे धरायचा आणि बाकीचे सूर तिथून मोजायचे. बाबांनी मला हे पहिल्याच दिवशी शिकवलं." बाईंना मी खालचा सा धरून दिला. पंचम अलगद लागला. तर मास्तरांनी मलाच वर्गाबाहेर काढलं!

पण खरा राग तुमचा आलाय. घशाच्या ऑपरेशननंतर तुम्ही पेटीला हातच लावला नाही, वरचे सूर लागत नाहीत म्हणून, असं आई बोलून गेली. फोनवर तुम्ही विषय बदलाल, म्हणून लिहितेय. लोकांना सांगायचं ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण?

गिळताना अजून दुखतं का? डॉक्टर काय म्हणाले? आईला मला खरं सांगायला सांगा, मला कळतं ती लपवतेय.

आवाज उतरला असेल, तर सा उतरवा ना बाबा. पेटी कशाला मिटता?

तुमचं भांडखोर शेंडेफळ