ड्रायव्हर नसला तं आवाज येत नाही

स्वस्ति श्री! वाहनकलानिपुण, वक्रमार्गविजयी, परममित्र नझीर यास,

हे पत्र आजच लिहिण्याचे कारण असे की, आज दुपारी तुझ्या लॅपटॉपला वाचा फुटली, आणि उद्या अकरा वाजता अमरावतीच्या चौकशी कार्यालयात तुझ्या मालकाची वाचा बसणार आहे. या दोन मंगल घटनांच्या मध्ये मला स्वस्थ बसवत नाही. माझे असले बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणारा तुझ्याखेरीज दुसरा होता तरी कोण?

तू गाडी चालवायचास, मी शब्द चालवायचो. ‘क्षमा’ हा आकारान्त स्त्रीलिंगी शब्द मी अचलपूरच्या शाळेत वीस वर्षे चालवला. तुझ्या मालकापाशी मात्र तो चालत नाही. तिथे मला सूड हवा आहे. ‘प्रतिशोध’ असे लिहिणार होतो. पण त्या शब्दाला पुरेसे दात नाहीत.

कपाशीने सलग तीन हंगाम दगा दिला आणि तू स्टिअरिंग धरलेस. त्याच हंगामांनी मालकाचे बियाण्यांचे दुकान ओस पाडले, म्हणून त्याने एक वयोवृद्ध मिनीबस घेऊन पर्यटकांना मेळघाट दाखवण्याचा उद्योग आरंभला. त्या बसकडे पाहून वाघानेही कणव येऊन तोंड फिरवले असते! तिचे ब्रेक लागेनात, तेव्हा तू माझ्याकडे आलास. अर्ज लिहून हवा होता.

मी लेखणी उचलली आणि माझ्यातला महापंडित जागा झाला. ‘सेमाडोह मार्गावर गतिरोधक निष्प्रभ ठरत असून जीवितास धोका संभवतो.’ काय ती शब्दकळा! ‘गाडी’ हा शब्ददेखील मी ग्राम्य म्हणून गाळला.

तू ओठ हलवत वाचलेस. “अबे पंडित, कावून मालकाले संस्कृत शिकवून राहिला? ब्रेक लिही ना सीधा!”

“अर्जात आंग्ल शब्द शोभत नाही.”

“पन त्याले समजन का?”

“न समजल्यास तो त्याच्या व्यासंगाचा दोष.”

आठवते? मी हसलो होतो. तू हसला नव्हतास.

अर्ज दिल्यापासून अठराव्या दिवशी तू प्रवाशांना सेमाडोहला उतरवून परत निघालास आणि त्या वळणावर बस दरीत गेली. बस रिकामी होती, ही तुझ्या अल्लाची आणि माझ्या ईश्वराची संयुक्त कृपा म्हणतात. तुझ्यापुरती मात्र दोघांनीही त्या दिवशी रजा टाकली होती काय?

आणि तू तरी त्या दिवशी चावी फेकून घरी का आला नाहीस? इतका कसला रे इमानदार!

अपघाताच्या चौकशीच्या पहिल्या तारखेला मालकाने माझाच अर्ज टेबलावर ठेवला. घडीसुद्धा विस्कटलेली नव्हती. “पाहा साहेब. ड्रायव्हरनं रस्त्यावरच्या गतिरोधकाची तक्रार केलती. रस्ता का माह्या बापाचा हाये? ब्रेकचा शब्द सुदिक नाही याच्यात. त्याले डुलकी लागली असन.”

साहेबांनी मला विचारले, “गुरुजी, गतिरोधक म्हणजे काय?”

“ब्रेक,” मी म्हणालो.

सारे खिडकीबाहेर पाहू लागले. फाटकासमोर पाटी होती : ‘पुढे गतिरोधक आहे.’

नझीर, आयुष्यात प्रथमच मला माझ्या शब्दसंपत्तीची शिसारी आली. तुझ्या नावापुढे ‘डुलकी’ हा शब्द कायमचा बसणार होता, आणि त्याला बसायला आसन मी घातले होते!

तेवढ्यात सायरा भाभी उभ्या राहिल्या. “साहेब, यायनं मालकाशी बोलताना मोबाइल चालू ठेवला होता. घरी ऐकवलं होतं, मंग लॅपटॉपात टाकलं. मालक म्हनत होते, ब्रेक मंग पाहू.” मोबाइल दरीत गेला, लॅपटॉप घरी होता. साहेब म्हणाले, “ज्या यंत्रात आहे, तेच यंत्र घेऊन या. नक्कल चालणार नाही.” मालक त्यावर जांभई देत होता. ती जांभई मी जपून ठेवली आहे.

आता तुझ्या लॅपटॉपची कथा ऐक. तू तो जुना घेतलास आणि त्यात केवळ कव्वाल्या भरल्यास. कळ दाबली की पडदा निळा होई आणि पुढे समाधी! परतवाड्याच्या संगणक दुरुस्तीवाल्या दुकानदाराने निदान केले : जुनी प्रणाली गतप्राण झाली आहे, तिच्या जागी नवी आवृत्ती प्रतिष्ठापित करावी लागेल. तुझ्या फाइली वेगळ्या कप्प्यात होत्या, त्या वाचल्या. मी विजयी मुद्रेने ध्वनिमुद्रण लावले. पडद्यावर रेषा पुढे सरकू लागली. आवाज शून्य!

“सर, सिस्टम तं टाकून देल्ली,” दुकानदार म्हणाला, “पन जुने ड्रायव्हर गेले ना तिच्यासंगं. ड्रायव्हर नसला तं आवाज येत नाही.”

त्या भल्या माणसाला ठाऊक नव्हते तो काय बोलून गेला! मी पाणी मागून घेतले.

पुढे त्याने मला समजावले की यंत्राच्या प्रत्येक अवयवाला स्वतःचा सारथी लागतो. पडद्याचा वेगळा, ध्वनीचा वेगळा. ज्याचा सारथी हरवला, त्याच्या नावापुढे पिवळे उद्गारचिन्ह येते. तुझ्या यंत्रात अशी सात चिन्हे होती. जणू सात जण एकदम ओरडत होते आणि ऐकू कुणाचेच येत नव्हते. इंटरनेटवरून सहा सारथी मिळाले. ध्वनीचा मिळेना. “मॉडेल लई जुनं हाये सर. यासंगं सीडी भेटली असन, ते पाहा.”

घरी भाभींना विचारले. त्यांनी तुझा पत्र्याचा डबा उघडला. त्यात जुन्या वाहन परवान्याला चिकटून, रुमालात गुंडाळलेली एक सीडी! वर इंग्रजीत लिहिलेले : ड्रायव्हर.

“त्यायले वाटलं, दुकानवाल्यानं त्यायचं काम पाहून देल्ली,” भाभी म्हणाल्या. “म्हनत, माह्या नावाची हाये, सांभाळून ठेव.”

अरे गाढवा! अरे देवमाणसा!

आज दुपारी भाभींना घेऊन दुकानात गेलो आणि ती सीडी यंत्रात घातली. नव्या प्रणालीने कुरकुर केली, इशारे दिले. दुकानदाराने जुन्या आवृत्तीचे सोंग घ्यायला लावून तिला वठणीवर आणले. यंत्र बंद होऊन पुन्हा उघडले. सातवे उद्गारचिन्ह गेले. मी कळ दाबली आणि बोलला तो तुझा मालक :

“हे गतिरोधक काय लिहून आनलं बे?”

मग तू : “मालक, गतिरोधक म्हंजे ब्रेक. आपल्या गाडीचे ब्रेक. माहा दोस्त संस्कृतचा मास्तर हाये, त्याले ब्रेक लिहाची लाज वाटते. येडा हाये, पन आपला हाये.”

मग तो, हसत : “ब्रेक सीझन झाल्यावर पाहू. आधी सेमाडोहच्या फेऱ्या मार.”

भाभी पदर तोंडाशी धरून बसल्या. मी तेवढा भाग चार वेळा ऐकला. म्हणजे तू त्याला अर्थ सांगितला होतास! माझे पांडित्य तूच सुलभ करून त्याच्यापुढे ठेवले होतेस, आणि तरीही तो कार्यालयात ते चिलखत म्हणून घालून आला! हे तू मला का ऐकवले नाहीस? ‘येडा’ म्हणालास म्हणून? मूर्खा, मला याहून मोठी पदवी कुठल्या विद्यापीठाने दिली आहे?

तर वचन घे. उद्या यंत्राचा आवाज मी शंभरावर ठेवीन आणि त्या वेळी डोळे मालकाच्या चेहऱ्यावर. एक क्षणही अन्यत्र पाहणार नाही. तो जांभई कशी देतो, ते मला पाहायचे आहे. कार्यालय नाही म्हणाले, तर वरच्या कार्यालयात. तेही नाही म्हणाले, तर परतवाड्याच्या बाजारात, त्याच्या दुकानासमोर. आणि सोबत नवा अर्ज जाईल. लिहून ठेवला आहे. एकच ओळ आहे, आणि तिच्यात तुला अडेल असा एकही शब्द नाही :

‘गाडीचे ब्रेक लागत नव्हते आणि मालकाला ते माहीत होते.’

तुझा,
येडा पण आपला,
पंडित