तीन फेब्रुवारीचा फ्रॉक

उचगाव, कोल्हापूर
५ नोव्हेंबर १९९७

चि. शमुवेल यास आईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं शेवटचं पत्र ऑगस्टमध्ये आलं, त्यात कामात आहे एवढंच होतं. होसूरच्या कारखान्यात पंपाचे भाग मोजता मोजता महिने मोजायचे राहून गेले वाटतं. आम्ही दोघं खुशाल आहोत. माझे गुडघे कुरकुरतात, पण तीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डात उभी राहिले, त्यांना तेवढा हक्क आहे.

दिवाळी झाली. शेजारच्या शांतादेवींनी डबा भरून फराळ पाठवला आणि त्यांची मोठी कढई आपल्या नाताळच्या करंज्यांसाठी आत्ताच बाजूला काढून ठेवली. आबांनी नाताळच्या चांदणीच्या कामाला हात घातलाय. फाउंड्री सोडून चार वर्षं झाली तरी ओतकामाचे लाकडी नमुने तासणाऱ्या पॅटर्नमेकरची खोड जात नाही. कामट्या तासतात, हात थरथरतो, एखादी जाडबारीक होते, की पुन्हा तासायला घेतात. यंदा पाच फुटी करणार म्हणे. एवढी मोठी छपरावर चढवायची कुणी, असं मी विचारलं, तर म्हणाले, शमू येणार आहे की शिडी धरायला.

रोशनबी तुझ्या शर्टाचं माप मागतेय. डोळ्याला चष्मा लागला तरी बाईचं मशीन थांबत नाही. तिचं म्हणणं, पोरगं वाळलं असंल, गेल्या सालचं माप चालायचं न्हाय. तिची मुबशिरा आता वारणानगरच्या शाळेत शिकवते, सुट्टीत येईल तेव्हा तुला भेटेल.

तेविसाला निघतोस की चोविसाला, ते कळव. लोभ आहेच, त्यातला थोडा पोस्टाने इकडेही येऊ दे.

तुझी,
आई

होसूर
१६ नोव्हेंबर १९९७

प्रिय आईस शमुवेलचा सलाम.

सुरुवातीला 'ती.' लिहिलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तीर्थस्वरूप हा शब्द आपल्या धर्मातला नाही, म्हणून सोडला. कारण सांगतो.

वर्षभर मी इथल्या एका अभ्यासगटात जातोय. शनिवारी आम्ही बायबल आणि इतिहासाची पुस्तकं घेऊन बसतो. शुभवर्तमानात प्रभूच्या जन्माची तारीख कुठेही नाही. मेंढपाळ रानात राहून कळप राखत होते असं आहे, आणि तिकडे डिसेंबर म्हणजे थंडीपावसाचे दिवस. पंचवीस डिसेंबर हा रोमी लोकांचा सूर्याचा सण होता, लोक तो सोडेनात म्हणून त्याच दिवसाला प्रभूचं नाव दिलं, असं या पुस्तकांत लिहिलंय. सजवलेल्या झाडाचं तेच, ईस्टरच्या अंड्यांचं तेच. आपली चांदणी आठवली की मला दिवाळीचा आकाशकंदील दिसायला लागतो. करंजी तर सरळ दिवाळीचीच आहे.

आई, माझं काम मोजायचं आहे. एखादा भाग केसभर कमी भरला तरी मी बाजूला काढतो. हे मी आबांकडून शिकलो. मग देवाच्या बाबतीतच चालतंय की, असं कसं म्हणू? म्हणून यंदा नाताळला येणार नाही. तुम्हीही चांदणी लावू नये, अशी माझी विनंती आहे.

रागाने लिहीत नाही. तुम्ही मला दवाखान्यातून उचलून घरी आणलंत, नाव दिलंत, शिकवलंत. मी तुमच्या पोटचा नाही हे लहानपणापासून माहीत असून एकदाही जाणवलं नाही. ते उपकार आठवतच लिहितोय. माझ्या वाढदिवसाला, तीन फेब्रुवारीला, नक्की येईन. ती तारीख खरी आहे, दवाखान्याच्या कागदावर आहे. शेवयांची खीर कर. आणि पूर्वी दर वाढदिवसाला मुबशिराला नवा फ्रॉक द्यायचीस तसं कुणाला काही दिलंस तरी आता रुसणार नाही. तेव्हा फार राग यायचा. वाढदिवस माझा, फ्रॉक तिला, आणि मला पेन्सिल!

आबांना सलाम. माझ्यावरचा लोभ या पत्राने कमी होऊ देऊ नका.

तुझा,
शमुवेल

उचगाव
२४ नोव्हेंबर १९९७

चि. शमुवेल यास आशीर्वाद. हे तरी चालतात ना? चालत नसतील तर उलट टपाली परत पाठव, मी दुसऱ्या कुणाला देईन.

तुझं पत्र मी आबांना मोठ्याने वाचून दाखवलं. तीच चूक झाली. त्यांनी कामट्या सुतळीने बांधल्या आणि माळ्यावर टाकून दिल्या. तेव्हापासून कट्ट्यावर नुसते बसून असतात. चहा दिला तर घेतात, नाही दिला तर मागत नाहीत.

तुझ्या शंका घेऊन मी आपल्या जोतीराम पाळकांकडे गेले. ते म्हणाले, तारीख कुणालाच ठाऊक नाही हे मुलाचं खरं आहे. सूर्याच्या सणाचं काही अभ्यासक मानतात. दुसरे म्हणतात, जुन्या लोकांनी मरीयेला दिवस राहिले तो मार्चातला दिवस धरला आणि पुढे नऊ महिने मोजले. दोन्हीकडे शिकलेली माणसं आहेत आणि भांडण मिटलेलं नाही. मी जन्मभर बायकांचे नऊ महिने मोजत आले, त्यामुळे मला दुसरं पटतं. पण मला विचारतो कोण!

आता घरचं बघू. तू रविवारी उपासनेला जातोस, तो वार कुणाच्या नावाचा आहे? पाळकांचं नाव जोतीराम. तुझ्या बापाचं नाव कृष्णात. आजोबांनी सगळ्या घरासकट बाप्तिस्मा घेतला, पण पोराचं नाव बदलायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. तेव्हा बाहेरचं ते सगळं बाजूला काढायचं तर आधी बापाला काढावं लागेल. रोशनबीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, आमच्यातबी एक पोरगं इचारत हुतं, ईदला शेवया कुठनं आल्या म्हणून, आन् इचारता इचारता दोन वाट्या खाऊन गेलं.

उपकार हा शब्द पुन्हा लिहिलास तर पत्र न वाचता परत पाठवीन. फ्रॉकचंही लिहिलंस. त्यावर आज काही लिहीत नाही.

ये रे बाबा. लोभ कमी होण्यातला नाही, पण आबांकडे बघवत नाही.

तुझी (कुठलंही तीर्थ नसलेली),
आई

होसूर
३ डिसेंबर १९९७

प्रिय आईस सलाम.

तुझं पत्र वाचून हसलो, हे कबूल करतो. रविवारच्या प्रश्नावर आमच्या गटात बरीच चर्चा झाली आणि ती पुढच्या शनिवारवर गेली. पण मूळ गोष्ट तू थट्टेत उडवलीस.

मला तारीख चुकल्याचा एवढा त्रास नाही. त्रास याचा आहे, की तो दिवस आधी दुसऱ्या कुणाचा होता. एकाचा दिवस काढून दुसऱ्याच्या नावावर करायचा आणि त्यावर गाणी म्हणायची, ही मला फसवणूक वाटते. ज्याचा दिवस त्याचीही, आणि ज्याला दिला त्याचीही. माझ्यावर कुणी असं केलं तर मला कसं वाटेल, असा विचार करून बघितला. मला ते सहन झालं नसतं.

आबांचं वाचून जेवण गेलं नाही. तरी माझा निर्णय तोच आहे. मला क्षमा करा आणि लोभ ठेवा, एवढंच मागतो.

तुझा,
शमुवेल

उचगाव
१० डिसेंबर १९९७

चि. शमू, अनेक आशीर्वाद.

आज थट्टा नाही. हे पत्र लिहावं की नाही यात चार दिवस गेले. आबा म्हणाले, लिही. तीन आठवड्यांत एवढंच बोलले.

तुझ्याआधी आम्हाला एक मुलगी होती. रिबका. ३ फेब्रुवारी १९६७ ला झाली. रोशनबीची मुबशिरा त्याच महिन्यातली, आम्ही दोघी एकदमच बाळंत झालो होतो. रिबका आठ महिन्यांची होऊन गेली. तापाने गेली, आणि मी नर्स असून काही करू शकले नाही. तिचा पहिला वाढदिवस आलाच नाही. म्हणजे तारीख आली, मुलगी नव्हती. पुढची दोन वर्षं तीन फेब्रुवारी आला की मी दुपारची आणि रात्रीची अशा दोन्ही पाळ्या मागून घ्यायची. आबाही फाउंड्रीतच थांबायचे. त्या दिवशी घरात चूल पेटायची नाही.

मग १९७० च्या एप्रिलात एक म्हातारा टोपलीतून तुला दवाखान्यात घेऊन आला. आई बाळंतपणात गेली, बाप माहीत नाही, एवढंच त्याला सांगता आलं. कधी झालं पोर, असं विचारलं तर म्हणाला, थंडी हुती. डॉक्टरांनी तुझी टाळू पाहिली आणि अडीच महिन्यांचा असेल असं म्हटलं. पुढे तुला घरी आणायचं ठरलं, कागद भरायची वेळ आली. तारखेच्या जागी माझा हात थांबला. आबा शेजारी उभे होते. मी ३ फेब्रुवारी लिहिलं. तो कागद माझ्याच अक्षरात आहे शमू, तू कधी नीट पाहिला नसशील. आबांनी वाचलं आणि ते खिडकीपाशी गेले.

दिवस दुसरीचा होता हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तुला दिला. माझ्याकडे त्याच्याहून मोलाचं काही नव्हतं. पुढच्या फेब्रुवारीत त्या तारखेला मी चूल पेटवली आणि शेवयांची खीर केली. आबा वेळेवर घरी आले. तू पातेल्यात हात घातलास आणि आम्ही दोघं हसलो. त्या तारखेला हसलो रे! तुझे माझ्यावर केवढे उपकार आहेत ते मी कधी बोलले नाही, आज बोलते.

पण तिला विसरायचंही नव्हतं. म्हणून तो फ्रॉक. ती असती तर यंदा केवढी झाली असती, हे मला मुबशिराकडे बघून कळायचं. रोशनबी आपल्या लेकीचं माप घेऊन माझ्या मुलीचा फ्रॉक शिवायची, आणि शिलाई कधी घेतली नाही. तो घालायचा मुबशिराने. सोळाव्या वर्षी रोशनबीच म्हणाली, आता पोरी मोठ्या झाल्या, फ्रॉक बास. पोरी म्हणाली ती, एक पोर नाही. तिचं हे बोलणं मी आजवर जपून ठेवलंय.

तुला फसवलं असं वाटत असेल तर तसं लिही, मी ऐकून घेईन. येण्याचा आग्रह करत नाही. तू खरं तेच मागतोस, म्हणून खरं तेवढं सांगितलं.

लोभ होता तसाच आहे, २७ वर्षांचा.

तुझी,
आई

(पोस्टकार्ड)
होसूर, १६ डिसेंबर १९९७

ती. आईस सलाम. चोविसाला सकाळी पोचतो. आबांना म्हणावं, कामट्या माळ्यावरून काढा, शिडी मी धरतो. बाकी समक्ष. — शमू

होसूर
५ जानेवारी १९९८

ती. आईस आणि ती. आबांस शमुवेलचा सप्रेम सलाम.

वि. वि. सुखरूप पोचलो. करंज्यांचा डबा बेळगावच्या पुढे उघडला आणि इथे येईपर्यंत निम्मा संपला. उरलेला अभ्यासगटात नेला. आधी त्यांच्यात करंजीच्या उगमावर चर्चा झाली, मग डबा रिकामा परत आला.

घरी असताना मला काही बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. शिडीवर आबा होते आणि खाली मी. चांदणी बांधताना सुतळी सुटत होती, तरी मला वर येऊ देईनात. चौथ्या खेपेला गाठ बसली. दिवा लागल्यावर खाली उतरून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत तसं कधी केलं नव्हतं.

सव्वीस तारखेला ते मला दफनभूमीत घेऊन गेले, हे त्यांनी तुला सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. तिथे रिबकाताईच्या कबरीवर बिडाची पाटी आहे, स्वतः पॅटर्न करून फाउंड्रीत ओतलेली. मी खिशातल्या पट्टीने अक्षरं मोजली. सगळी एका मापाची आहेत, केसाचाही फरक नाही. नावाखाली ३ फेब्रुवारी. माझा वाढदिवस तिथे माझ्याआधी दोन वर्षं ओतून ठेवलेला होता. मला वाटलं होतं, राग येईल. आई, मला एवढंच वाटलं, की या घराने आपल्याजवळचं सगळ्यात जपलेलं मला देऊन टाकलं, आणि मी पेन्सिलीवर रुसत बसलो होतो.

पंचवीस डिसेंबरची तारीख अजून सिद्ध झालेली नाही, हे लिहून ठेवतो. पण आता भांडायला नाताळला घरीच येत जाईन.

तीन फेब्रुवारीला रजा मिळाली आहे. खीर हवीच. शिवाय एक काम आहे. रोशनचाचीने फ्रॉक बंद केला तेव्हापासून पंधरा वर्षं ताईला काही मिळालेलं नाही. इथे बाजारात साड्यांचं चांगलं दुकान आहे. घालायला मुबशिरा आहेच. एकतीस वर्षांच्या बाईला कुठला रंग शोभेल, ते उलट टपाली कळव. माप विचारत नाही, साडीला ते लागत नाही एवढं मला माहीत आहे.

लोभ आहेच, तो आम्हा दोघा भावंडांवर सारखा असू दे.

तुमचा,
शमू